खोपोलीचं ऑर्लँडो करायचंय म्हणे, मग आधी पावसाचं आणि रस्त्याचं बोला

बोरघाटी

काल 'राईडवेडा' यांनी लिहिलं की खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला आजूबाजूची अजून पाच-सातशे एकर जमीन मिळवून द्यावी, त्यावर दुसरा पार्क, तिसरा पार्क, चार हॉटेलं उभी राहिली की दहा वर्षांत खोपोलीचं ऑर्लँडो, म्हणजे अमेरिकेत फ्लोरिडात आहे तसं थीम पार्कांचं शहर, होईल. इथपर्यंत ठीक, स्वप्न बघायला माझी ना नाही. पण शेवटी जे वाक्य टाकलं, 'आडवे येणारे स्थानिक फक्त भाव वाढवून घ्यायला येतात', ते वाचून डोकं फिरलं. मी त्या स्थानिकांतलाच आहे. खालापूर तालुक्यात जन्मलो, खोपोली-पाली रस्त्याने शाळेत गेलो, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

आधी हिशेब बघू. मनमोहन शेट्टींनी पार्क सुरू केला एप्रिल २०१३ मध्ये. २०१४ ला वॉटर पार्क आला, २०१५ ला हॉटेल आलं आणि त्याच वर्षी शेअर बाजारात नोंदणी झाली, २०१६ ला स्नो पार्क. म्हणजे विस्तार नाही केला असं कोणी म्हणूच शकत नाही, दरवर्षी काहीतरी नवं उभं राहत होतं. आणि कर्ज? तेही वाढतच गेलं. ठरवलेली गर्दी आली नाही, व्याज मात्र दर महिन्याला वेळेवर येत राहिलं, वरून कोरोनात गेटला कुलूप. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने ताबा घेतला आणि बँकांना काही पैशांवर पाणी सोडावं लागलं. तेव्हा जमीन कमी पडली म्हणून हे झालं का? होती तीच जमीन पूर्ण वापरून झाली नव्हती!

आमच्याकडचा पाऊस तुम्ही बघितलाय का कधी? एक्स्प्रेसवेच्या गाडीतून नाही, इथे उभं राहून. मागच्या जुलैत पाहुणे आले म्हणून पार्कात घेऊन गेलो. नायट्रो या रोलर कोस्टरच्या लाल रुळांवरून पाण्याची धार लागलेली, वरचा अर्धा भाग ढगात गेलेला, खाली रेनकोटातला एक पोरगा वायपरने फरशीवरचं पाणी ढकलतोय आणि तो ढकलतो तितकंच मागून परत येतंय. विजा चमकल्या की राईड थांबवावीच लागते, त्यात पार्कचा दोष नाही. पण वर्षातले चार महिने असे जात असतील तर अजून पाच-सातशे एकर घेऊन तिथे करणार काय? चार महिने उत्पन्न अर्ध्यावर आणि हप्ता पूर्ण.

राईडवेडा

बोरघाटी भाऊ, स्थानिकांबद्दलचं वाक्य मागे घेतो, रागात लिहिलं गेलं. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

जमीन आधी घ्यावी लागते, हे मी नाही वॉल्ट डिस्ने सांगून गेलाय. १९५५ ला अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं ते फक्त १६० एकर संत्र्याच्या बागेत. पार्क चालला आणि काही वर्षांत चारी बाजूंनी दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली, गर्दी ह्याने आणायची आणि खोल्यांचं भाडं त्यांनी घ्यायचं. तो धडा शिकूनच फ्लोरिडात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप २७,००० एकरांच्या आसपास जमीन घेतली. १९७१ ला पहिला पार्क, १९८२ ला एपकॉट हा दुसरा, १९८९ ला तिसरा, १९९८ ला चौथा. सत्तावीस वर्षं विस्तार करता आला कारण जमीन हातात होती. खोपोलीला आज घेतली नाही तर दहा वर्षांनी तिथे प्लॉटिंगवाल्यांचे बोर्ड असतील, आत्ताच आहेत.

आणि नायट्रोचं नाव इतक्या सहज घेतलंत म्हणून सांगतो, बोलिजर अँड मबियार्ड या स्विस कंपनीची रोलर कोस्टर आहे ती, पायाखाली फरशी नसलेली. जगातल्या मोठमोठ्या पार्कांत ज्यांच्या राईड असतात त्यांची राईड रायगड जिल्ह्यात उभी आहे. मी अकरा वेळा गेलोय. पहिल्यांदा वर चढताना सह्याद्री दिसला आणि खाली येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं. आपल्याकडे हे झालं, आपल्या माणसांनी चालवलं, याचा मला अभिमान आहे आणि कायम राहील. सरकारने काय दिलं? २०१७ ला जीएसटी आला तो थेट २८ टक्के, जुगार आणि रेसकोर्सच्या रांगेत बसवलं होतं लहान मुलांच्या पार्कांना. २०१८ ला १८ वर आणला तेव्हा कुठे श्वास घेता आला. त्यावर कोणी धागा काढत नाही.

ऑर्लँडोची_अनु

ऑर्लँडोचं नाव निघालं म्हणून लिहिते, चौदा वर्षं इथे राहते. दोघांनाही थोडं थोडं सांगायचंय.

बोरघाटी दादा, पाऊस इथेही आहे. उन्हाळ्यात रोज दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं, विजांचा कडकडाट होतो, उघड्यावरच्या राईड बंद होतात, माणसं पाँचो घालून आडोशाला उभी राहतात आणि तासाभराने परत चालू. पावसामुळे पार्क बुडतो हे मला पटत नाही.

राईडवेडा, २७,००० एकर हा आकडा सगळे सांगतात पण ती दलदल होती हे कोणी सांगत नाही. पार्क उघडायच्या आधी मैलोन्मैल कालवे खणून पाण्याचा निचरा केला. १९६७ ला राज्याकडून स्वतःचा वेगळा जिल्हाच मंजूर करून घेतला, रस्ते, सांडपाणी, अग्निशमन सगळं त्याच्याकडे. म्हणजे आधी गटार, मग किल्ला. खोपोलीत कोण करणार हे? आणि सगळं असूनसुद्धा इथल्या पार्कांत काम करणाऱ्या कितीतरी लोकांना भाडं परवडत नाही म्हणून लांब राहावं लागतं, आय-फोर हायवेवर सकाळी जाऊन बघा.

अजून एक, आपल्या पार्कांनी डिस्नेचं काही घ्यायचंच असेल तर हे घ्या, इथे आतमध्ये स्वतःचं खाणं नेऊ देतात. काचेची भांडी आणि दारू नाही, बाकी चालतं. आम्ही दर वेळी पोळीभाजीचे रोल, बाकरवडी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन जातो, गेटवरचा माणूस बॅग उघडून बघतो आणि हसून सोडतो.

सहलवाले_मास्तर

अनुताई, तुम्ही शेवटचा परिच्छेद लिहिलात आणि माझी जखम उघडी केलीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एकवीस वर्षं सहली नेतोय. जमीन, कर्ज हे मोठ्या लोकांचे विषय, मला डब्याचं बोलायचंय.

एका वॉटर पार्कला (नाव घेत नाही) सातवीची बेचाळीस मुलं घेऊन गेलो. पहाटे चारला उठून आयांनी डबे केलेले. कोणाच्या डब्यात भाकरी-ठेचा, कोणाकडे साबुदाणा खिचडी, चतुर्थी होती त्या दिवशी. गेटवर सांगितलं बाहेरचं काही चालणार नाही. सगळे डबे एका मोठ्या निळ्या पिंपात टाकायला लावले. संध्याकाळी परत आलो तर उन्हात सगळं आंबलेलं, वासाने मुलं मागे सरत होती. स्टीलचे डबे, त्यावर आयांची नावं कोरलेली, लग्नात मिळालेली भांडी असतात हो ती. मुलं पिंपात हात घालून नाव वाचून वाचून स्वतःचा डबा शोधत होती. एका मुलीला शेवटपर्यंत सापडला नाही, ती बसमध्ये रडत होती की आई मारेल. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो, आई काही बोलली नाही, नुसती आत गेली. ते न बोलणं अजून आठवतं. आणि आत वडापावचा जो भाव होता त्यात आमच्या गावात चौघं जेवतात.

उपासाच्या मुलीने काय खायचं होतं तिथे, सांगा कोणीतरी.

कँटीनवाला_७४

मास्तर, तुमच्याबरोबर जे झालं ते वाईटच झालं, डबे नीट ठेवायला रॅक देता आला असता. पण मी या धंद्यात आहे, दुसरी बाजू ऐकून घ्या.

शाळेच्या सहलीला तिकिटात इतकी सवलत असते की नुसत्या तिकिटावर पार्कला काही उरत नाही. राईड चालवायला वीज, रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी प्रत्येक राईडची तपासणी, वॉटर पार्कात पाण्याचं फिल्टर, क्लोरीन, लाईफगार्ड. हा खर्च माणूस एक येवो की हजार येवोत, होतोच. उरतं ते खाणं, लॉकर आणि कॉस्च्युमवर. जगभर पार्कवाले माणशी एकूण किती खर्च झाला ते बघतात, नुसतं तिकीट बघत नाहीत. डबा नेऊ दिला तर तिकीट वाढेल, मग तुम्हीच म्हणाल गरिबांनी जायचंच नाही का.

आणि पाण्याच्या जागी बाहेरचं अन्न नको याला कारण आहे. पोरं तरणतलावाच्या कडेला बसून डबा खातात, तेलकट हात तसेच पाण्यात. मी स्वतः जाळीने पोह्यातले शेंगदाणे काढलेत.

बोरघाटी

कँटीनवाले साहेब, मग डबा खायला वेगळा मांडव घाला ना! शेंगदाण्याचं कारण सांगून मुलीच्या उपासाचं उत्तर होत नाही. डिस्ने अमेरिकेत डबा आत नेऊ देतो, हे अनुताईंनी वर लिहिलंय ते वाचलंत का?

कँटीनवाला_७४

डिस्नेचं तिकीट किती ते पण विचारा की अनुताईंना! डॉलरमध्ये शेकड्यात घेतल्यावर मी पण डबा नेऊ देईन, वर पत्रावळ फुकट देईन. तुम्हाला तिकीट खोपोलीचं पाहिजे आणि सोयी फ्लोरिडाच्या. उगाच धंदेवाल्याला चोर ठरवायचं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि म्हणूनच मराठी माणूस धंद्यात मागे राहतो.

सहलवाले_मास्तर

मी कोणाला चोर म्हणालो नाही. डबा परत मिळाला नाही एवढंच म्हणालो. मराठी माणसाचं काढू नका इथे.

निवृत्त_बँकर

मंडळी, शांत व्हा. मी प्रकल्प कर्जाच्या विभागात होतो, थीम पार्कचं नाव निघालं की आमच्याकडे पॅरिसचं उदाहरण हमखास निघायचं, आणि त्यात तुमच्या डब्याचंही उत्तर आहे.

१२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ युरो डिस्ने उघडलं. पहिल्याच दिवशी सात हॉटेलं, पाच हजारांवर खोल्या. राईडवेडा म्हणतात तसाच विचार, बाहेरच्यांना भाडं का मिळू द्यायचं, सगळं आपणच बांधू. पण पार्क एकच, दिवसभरात बघून होतो, पॅरिस जवळ, मग लोक रात्री राहतील कशाला? खोल्या रिकाम्या पडल्या, त्यात व्याज चढं. दोन वर्षांत कंपनी बुडायच्या कडेला गेली, १९९४ ला बँकांना सवलती द्याव्या लागल्या आणि सौदीच्या राजपुत्राचे पैसे आले. १९९५ ला स्पेस माउंटन ही नवी राईड आली आणि त्याच वर्षी पहिल्यांदा नफा दिसला. दुसरा पार्क काढायला २००२ उजाडलं.

खाण्याचं म्हणाल तर फ्रेंचांना जेवणाबरोबर वाईन लागते आणि ह्यांनी आधी पार्कात ती ठेवलीच नव्हती. लोक चिडले, १९९३ ला नियम बदलावा लागला. ज्या मुलखात पार्क बांधलाय तिथला माणूस काय खातो, कसा खातो हे बघितलं नाही की फटका बसतो. आपल्याकडे माणूस डबा घेऊन निघतो. उपास असतो, जैन असतात, आजीला कमी तिखट लागतं. कँटीनवाल्यांचा खर्चाचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, मी ताळेबंद बघितलेत. तरी पिंपाचं समर्थन होत नाही.

बाकी पॅरिसचा पार्क तरला कशामुळे, तर माझ्या मते रेल्वेमुळे. पहिल्या महिन्यापासून शहरातून निघणारी उपनगरी गाडी थेट गेटसमोर, १९९४ पासून तिथेच टीजीव्ही या वेगवान गाडीचं स्टेशन. आपल्याकडे कर्जत-खोपोली एकेरी मार्ग, लोकल चुकली तर पुढचीची वाट बघत बसायचं, आणि खोपोलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधा.

गोराईची_पोर

सगळे पॅरिस-फ्लोरिडाला फिरून आलात, आमच्या गोराईला कोणी आलंच नाही. एस्सेलवर्ल्ड विसरलात? १९८९ ला सुरू झालं, १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम. मुंबईच्या दोन पिढ्यांच्या शाळेच्या सहली आमच्या जेट्टीवर उतरल्या. २०२२ ला एस्सेलवर्ल्ड बंद. बंद झालं तेव्हा सगळ्यांनी बालपणाच्या आठवणी लिहिल्या, गावाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

आमच्या घरात यावरून कायम दोन बाजू. आजी आणि तिच्या पिढीचे लोक पर्यटनाच्या सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) मोर्चात होते, गोराई, मनोरी, उत्तन सगळा पट्टा रस्त्यावर आला होता, कारण एकदा 'विस्तार' म्हटलं की कोळ्यांची वाळवणाची जागा, शेतं, तिवरं सगळंच नकाशात रंगवलं जातं. आणि माझा मामा त्याच पार्कच्या गर्दीवर जगला, फेरीवरून उतरणाऱ्यांना शहाळी विकायचा. आजी त्याला म्हणायची तू त्यांचा झालास. पार्क बंद झाल्यावर मामा सहा महिने जेट्टीवर नुसता जाऊन बसायचा, कोयता घेऊन, शहाळी न घेता. आता तो वसईला सुरक्षा रक्षक आहे.

म्हणून राईडवेडा, 'स्थानिक आडवे येतात' हे परत कुठे लिहू नका, मागे घेतलंत ते बरं केलंत. आणि बोरघाटी, पार्क वाढूच नये म्हणणं पण सोपं आहे जोवर तुमच्या घरातल्या कोणाचं पोट त्यावर नाही.

बोरघाटी

ताई, पोट आहे. माझे दोन पुतणे तिथे लागले होते, एकाने त्या पगारावर आयटीआय पूर्ण केलं. पार्क नको असं मी कुठेच म्हटलं नाही, पार्क आल्यामुळे आमच्या पोरांना मुंबईला जाऊन खोलीत दहा जण राहावं लागलं नाही हे मी चारचौघांत सांगतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी राईड, छप्पर, रस्ता, आणि माणसं परत परत यायला लागली की मग हॉटेल आणि जमीन.

आणि जमिनीबद्दल इतका हळवा का, ते सांगतो. इर्शाळवाडी आमच्याच तालुक्यातली. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला खाली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला रस्ता नाही, मदत करणारे पावसात चालत चढले. मशीन वर नेता येईना, हाताने माती उपसत होते. मी खाली पायथ्याला होतो पाण्याच्या बाटल्या घेऊन. ज्या तालुक्यात जगातल्या भारी कंपनीची रोलर कोस्टर आहे त्याच तालुक्यात एका वाडीला रस्ता नव्हता. पार्कवाल्यांची चूक नाही ही, त्यांनी वाडीचा रस्ता करायचा नसतो. पण कोणी 'पाचशे एकर मिळवून द्या' असं सहज लिहिलं की मला ती रात्र आठवते, कारण सरकारची माणसं, सरकारचे नकाशे, मोजणी हे सगळं कोणाच्या मागणीवर आधी हलतं ते आम्ही बघत आलोय.

राईडवेडा

हे वाचून काय लिहावं कळेना. अर्धा तास थांबून लिहितोय.

इर्शाळवाडीपुढे माझ्याकडे बोलायला काही नाही. पण क्रमाचं म्हणता तर माझ्या बाजूचंही एक ऐका. टोक्यो डिस्नेलँड १९८३ चं. ती जमीन म्हणजे उरायासूच्या कोळ्यांची मासेमारीची खाडी होती, त्यांनी हक्क सोडले आणि भराव टाकला, म्हणजे गोराईताईंचंच गाऱ्हाणं तिथेही. पण तिथे जपानी कंपनीने घाई केली नाही. दुसरा पार्क २००१ ला, अठरा वर्षांनी. आणि पावसाचं बघा, अमेरिकेत आत शिरल्यावरचा बाजाररस्ता उघडा आहे, टोक्योत त्याच रस्त्यावर काचेचं छप्पर घातलंय, हवामान वेगळं म्हणून. पावसात माणूस निदान कोरडा उभा राहतो.

म्हणजे बोरघाटी, छपराचं तुमचं बरोबर, हे कबूल करतो. नव्या पाच-सातशे एकरावर उघड्या राईड टाकण्यापेक्षा आहे त्या जागेत झाकलेल्या राईड वाढवल्या तर जुलैतही माणूस येईल. तरी जमिनीचं माझं मत बदललेलं नाही. पार्कने नाही घेतली तरी ती शेती म्हणून राहणार नाहीये. फार्महाऊसवाले घेतील, कुंपण घालतील, वर्षातून दोनदा येतील आणि एका माणसाला नोकरी देतील. त्यापेक्षा पार्क परवडला.

बोरघाटी

फार्महाऊसवाल्यांचं म्हणाल तर तिथे मात्र तुम्ही माझी बोलती बंद केलीत. आमच्या शेजारचीच साडेतीन एकर गेली, विहिरीसकट. आता बायका तारेच्या कुंपणाला वळसा घालून पाण्याला जातात. जमीन कुणाला आणि कशी, यावर वेगळा धागा काढतो, तिथे या भांडायला.

कँटीनवाला_७४

मास्तर, काल रात्री परत वाचलं तुमचं. रागात जरा जास्त बोललो. आमच्याकडे सहली येतात तिथे यावेळी लोखंडी मांडणी करून घेतो, शाळेच्या नावाची चिठ्ठी लावून डबे सावलीत ठेवू. आत नेऊ देणं माझ्या हातात नाही, ते मालक ठरवतो. साबुदाणा खिचडी ठेवायला सांगतो, चतुर्थी आणि एकादशीला तरी.

सहलवाले_मास्तर

चालेल. डिसेंबरात आमची सहल आहे, एकावन्न मुलं. तारीख ठरली की कळवतो, पण आधी भाव सांगा खिचडीचा.